बाद झालेला खेळाडू मैदानाजवळच राहावा

(अमरावती जिल्ह्यातील एका गावी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात क्रीडाशिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ग्रामस्थ, पालक आणि विद्यार्थिमित्रहो,

कबड्डीत बाद झालेला खेळाडू घरी जात नाही. तो मैदानाच्या कडेला बसतो, आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने परत आत येतो. बोनस गुणाने मात्र कुणालाही परत येता येत नाही. ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि जिथल्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या जिल्ह्यात हा नियम मुलामुलांना पाठ आहे. आमच्या शाळांच्या कारभारात मात्र तो कुठेच दिसत नाही. स्पर्धेतून किंवा दुखापतीमुळे बाद झालेले मूल आमच्याकडे थेट घरी जाते, आणि बहुधा परत येत नाही.

ते का येत नाही, हे समजून घ्यायचे तर आपल्या मातीचे आणि पिकांचे वेळापत्रक पाहावे लागते. शालेय स्पर्धांना तालुका पातळीवर सुरुवात होते ती पावसाळ्यात. त्या दिवसांत काळ्या मातीच्या मैदानावर पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून मुले डांबरी रस्त्यावर धावतात. पुढच्या फेऱ्या येतात तोवर सोयाबीनची सोंगणी लागलेली असते, मागोमाग कापसाची वेचणी येते, आणि घरात दोन हात कमी पडू लागतात. हरलेल्या मुलीला वावरात नेणे आईबापांना सोपे वाटते, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नाही. मजुराला द्यायचे पैसे वाचतात.

आमच्या शाळेतील लांब पल्ल्याच्या एका धावपटू मुलीच्या बाबतीत हेच घडू पाहत होते. जिल्हा पातळीची तयारी म्हणून तिने एकाएकी अंतर वाढवले, तेही तळ झिजलेल्या बुटांनी आणि डांबरावर. आधी नडगी दुखू लागली, आणि पुढे तपासणीत हाडाला बारीक तडा गेल्याचे निघाले. अशा तड्याला बहुधा सहा ते आठ आठवड्यांची विश्रांती लागते आणि त्या काळात चालण्यावरही मर्यादा येते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्या पालकांनी ध्यानात ठेवावी. वाढत्या वयातील मुलगी पोटभर न जेवता धावत राहिली, तर शरीर हाडांच्या वाट्याचे पोषणही खर्च करून टाकते. तिच्या आईने मला विचारले, ‘‘पाय दुखते तं कायले जातं हे मैदानावर?’’ प्रश्न रास्त होता, आणि ‘स्पर्धेसाठी’ हे उत्तर त्या दिवशी निरुपयोगी होते.

तेव्हा आम्ही तिच्या हाती स्टॉपवॉच दिले. खुर्चीवर बसून वेळ घेणे, प्रत्येक फेरीची नोंद वहीत करणे आणि लहान गटातील मुलांची सुरुवात पाहून चुका सांगणे हे काम तिने विश्रांतीच्या काळात सांभाळले. याचा जो परिणाम झाला, त्याची मला कल्पना नव्हती. स्वतः धावताना तिला कधी न दिसलेली गोष्ट वहीत दिसली: बहुतेक मुले पहिली फेरी जोरात काढतात आणि मधल्या फेऱ्यांत मोडतात. पुन्हा धावू लागली तेव्हा ती पहिली फेरी आवरून काढू लागली. त्या मोसमात ती जिल्ह्याच्या पुढे गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षी विभागापर्यंत पोहोचली आणि तिथे हरली. पण आता गावात पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलींना ८०० मीटरच्या फेऱ्यांची वाटणी तीच समजावते, आणि त्यातल्या दोघी तिच्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत.

इथे सेवा योजनेचा संबंध येतो. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांच्या सेवेची अपेक्षा असते. गाडगेबाबांच्या या जिल्ह्यात झाडू हाती घेणे कुणाला शिकवावे लागू नये. तरीही फोटोपुरता झाडू धरलेली शिबिरे मी पाहिली आहेत, आणि आयोजक मंडळी रागावली तरी ते बोलणे भाग आहे. वरूड तालुक्यात २०१६ च्या पाणलोट स्पर्धेच्या, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामांत गावागावांत लागलेल्या चढाओढीच्या, उन्हात लोकांनी चर खोदले, ते खोल किती झाले हे कुणीतरी मोजत होते. सेवेला असे मोजमाप असावे. तालुक्याच्या स्पर्धेत चुन्याने धावमार्ग आखणे, गोळाफेकीचे अंतर टेपने मोजणे, पाण्याची सोय पाहणे ही कामे त्या तासांत धरली, तर सेवेचे तास खरे भरतील आणि मैदानाला माणसे मिळतील. विशेषतः पाण्याचे काम हलके समजू नका. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असलेली मुले पुष्कळ आहेत. उन्हातल्या जोरकस श्रमात शरीरातील पाणी कमी झाले तर त्यांना धोका संभवतो. म्हणून पाणी देणाऱ्याला कोणाकडे अधिक लक्ष द्यायचे हे माहीत असावे, मात्र त्या मुलाची माहिती चारचौघांत बोलली जाऊ नये.

मुख्याध्यापकांकडे माझी मागणी छोटी आहे. संघनिवडीची यादी लावताना त्याच कागदावर, न निवडलेल्या आणि जायबंदी मुलांपुढे मैदानावरचे एकेक काम लिहावे, आणि ते काम वेचणीच्या दिवसांत सकाळी आठच्या आत संपेल असे ठेवावे, म्हणजे पालकांना वावरातले हातही मिळतील. या वर्षीच्या यादीतील नावे माझ्याकडे आहेत. काही पालकांची संमती यायची आहे. ते इथे बसलेले दिसतात, तर कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी आपण बोलू.