गणपतीसाठी कागदाची जास्वंद

नमस्कार मंडळी,

यंदा मखराची फुलं विकत आणायची नाहीत, आपणच करायची, असं सजावट समितीनं ठरवलं आणि त्याबद्दल बोलायला मला उभं केलं. मला मनापासून आनंद झाला. इंग्लंडात भाद्रपदात ताजी जास्वंद हाती लागणं कठीण, आणि झेंडू मिळाला तरी महाग. म्हणून आपल्याकडे प्लॅस्टिकच्या माळा आल्या. दर वर्षी त्याच खोक्यातून त्याच माळा निघतात. त्या टिकतात हे खरं, पण त्यातलं फूल नेमकं कुठलं, हे सांगता येत नाही. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी बाप्पाला वाहिलेलं फूल म्हणून तेच पाहिलंय. कागदाची जास्वंद करायची म्हटलं की तिला पाकळ्या किती, मधून बाहेर आलेला दांडा कसा असतो, हे करणाऱ्याला बघावंच लागतं. माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठी.

या देशात कागदाच्या फुलांचं फार मोठं काम होऊन गेलंय. मेरी डिलेनी या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलं करायला सुरुवात केली. काळ्या कागदावर बारीक बारीक तुकडे चिकटवून त्या एकेक वनस्पती उभी करत. खरं फूल समोर ठेवून, त्याचे पुंकेसर मोजून. दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं, हे चाललं. त्यांची ९८५ चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या ज्येष्ठ काका-मावशींना मी हे मुद्दाम सांगते आहे. ‘आता या वयात कुठे’ असं कुणी म्हणू नये.

आणि हे एकट्यानंच करायचं काम आहे असंही नाही. पोर्तुगालमधल्या कांपो मायोर या गावात लोक कागदाच्या फुलांनी गल्लीच्या गल्ली सजवतात. प्रत्येक गल्ली आपली सजावट उत्सवाच्या आदल्या रात्रीपर्यंत गुप्त ठेवते. २०२१ मध्ये युनेस्कोनं या उत्सवाची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांत गणपतीच्या आदल्या रात्री जागलेल्या कुणालाही ती रात्र कशी असेल ते सांगावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष जास्वंदीकडे येते. लाल क्रेप कागद घ्या. त्यावरच्या सुरकुत्या नीट बघा, सगळी किल्ली तिथे आहे. पाकळी अशी कापायची की सुरकुत्या देठापासून टोकाकडे उभ्या याव्यात. मग पाकळी आडवी ताणता येते. कागद उलटा धरून कापला तर पाकळीला खोलगटपणा येतच नाही. साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद अशा पाच पाकळ्या हव्यात, देठाशी निमुळत्या. मध्यावर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून वाटी करा. वरची कड दोन बोटांच्या चिमटीत थोडी थोडी ओढत गेलात की तिला झालर येते.

मधल्या दांड्यासाठी तारेवर लाल कागदाची पट्टी गुंडाळा. दांडा पाकळीपेक्षा थोडा लांब हवा. त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला गोंद लावून हळद चोळलेल्या रव्यात घोळवा. हे परागकण हुबेहूब दिसतात! अगदी टोकाला लाल कागदाचे पाच बारीक ठिपके लावा, कारण खऱ्या जास्वंदीलाही ते पाचच असतात. मग पाकळ्या दांड्याभोवती एकीची कड दुसरीखाली सरकवत लावायच्या आणि दोऱ्यानं घट्ट बांधायच्या. देठाला हिरवी पट्टी गुंडाळली की झालं.

गोंद पातळ नको. क्रेपचा रंग ओला झाला की सुटतो, आणि बाप्पाच्या शेल्यावर पडलेला लाल डाग निघत नाही. मैद्याची घट्ट खळ उत्तम. पूर्वी खळीत मोरचूद घालत, म्हणजे तिला कीड लागत नसे. पण ते विषारी आहे, मुलं सोबत असताना नकोच.

झेंडू त्या मानानं सोपा. केशरी कागदाची ५ सेंटिमीटर रुंद, हातभर लांब पट्टी घ्या, एका कडेनं दाट कातरा, गुंडाळा, बुडाशी बांधा आणि फुलवा. लहान मुलांना हे द्या, तोरणाला ढिगानं लागतील.

हळदीकुंकवाच्या वाणावर बांधायला सोनचाफा करा. पिवळ्या अरुंद पाकळ्या विणायच्या सुईवर किंचित वळवून, अर्धवट मिटलेल्याच ठेवायच्या. पूर्ण उमललेला सोनचाफा कागदात शोभत नाही, असं माझं मत आहे.

शुभेच्छापत्रावरच्या फुलाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. इथल्या टपालात पाकिटाची जाडी ५ मिलिमीटरच्या वर गेली की ते ‘लार्ज लेटर’ ठरतं आणि जास्त तिकीट लागतं. म्हणून कार्डावरच्या फुलाचा फक्त मध्य चिकटवा आणि पाकळ्या मोकळ्या सोडा. पाकिटात त्या सपाट बसतात, कार्ड हातात आल्यावर बोटानं उचलल्या की फूल उभं राहतं. गावाकडच्या आजीला नातवानं पाठवायला याहून चांगलं काय असेल?

एका गोष्टीत अजिबात हयगय नको. समई आणि निरांजनापासून ही फुलं दूरच ठेवायची. आरतीचं तबक ज्या उंचीवर ओवाळतो, त्या उंचीला मखराच्या पुढच्या कडेवर कागद लावायचाच नाही. वरच्या कमानीवर आणि मागच्या पडद्यावर हवी तेवढी लावा. विसर्जनाआधी सगळी उतरवून घ्या, रंग पाण्यात जाता कामा नये. बुटांच्या खोक्यात, उन्हापासून लांब ठेवली तर पुढच्या वर्षीही चालतील.

कागद, तार आणि कात्र्या मागच्या टेबलावर आहेत. शेजारी एका ताईंनी कुंडीत वाढवलेली जास्वंद ठेवली आहे, तिला आज एक फूल आलंय. ते कुणी तोडू नका. मुलांनी आधी ते नीट बघायचं, पाकळ्या मोजायच्या आणि मग कात्री हातात घ्यायची.