मी पट्टा घातला होता

नमस्कार श्रोतेहो.

'मी पट्टा घातला होता.' हे वाक्य ऐकून बोलणारा मुलगा आहे की मुलगी, ते कळत नाही. 'मी झोपलो होतो' किंवा 'मी झोपले होते' म्हटलं की लगेच कळतं. मी किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. चौदा वर्षांचं एक मूल माझ्यासमोर तासभर बसलं आणि त्याची सगळी वाक्यं पहिल्या प्रकारची होती. 'मला दुखतं.' 'शाळेत जाणं होत नाही.' 'जेवण झालं.' कागदपत्रांत शेरा होता, 'सहकार्य करत नाही.' दुसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं, हे मूल प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवून, 'लो' आणि 'ले' दोन्ही चुकवून बोलतंय. केवढे कष्ट हे, आणि तेही दिवसभर!

त्याला दोन गोष्टींचा त्रास होता. एक म्हणजे स्कोलिओसिस. यात पाठीचा कणा बाजूला वळतो आणि मणके स्वतःभोवती थोडे पिळलेही जातात. एक खांदा वर दिसतो, वाकल्यावर पाठीवर एका बाजूला उंचवटा येतो. एक्स-रेवर हा बाक १० अंश किंवा त्याहून जास्त भरला की निदान होतं. शंभरातल्या दोन-तीन किशोरांना तो असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही. म्हणून आईवडिलांनो, 'सांगत होते ना, सरळ बस' हे वाक्य कृपा करून टाळा.

दुसरी गोष्ट जेंडर डिस्फोरिया. जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि आतून जाणवणारी स्वतःची ओळख जुळत नाही, त्यातून होणारा त्रास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या वर्गीकरणात ही विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. तशी ओळख असणं हा आजार नव्हे. मन खचतं ते त्या त्रासाने, चिडवण्याने, लपवावं लागण्याने.

एकामुळे दुसरं झालं, असं कुणी म्हणू नये. पण दोन्ही नेमकी एकाच वेळी जोर धरतात, कारण उंची झपाट्याने वाढते तेव्हाच कण्याचा बाकही वाढतो, आणि शरीर नको त्या दिशेने बदलू लागतं तेही तेव्हाच. आरशासमोर उभं राहिल्यावर नक्की काय बोचतंय, वाकडी कंबर की भरत चाललेली छाती, हे त्या मुलालाही वेगळं करून सांगता येत नाही.

आणि उपचार काय, तर काखेपासून कमरेखालपर्यंत घट्ट बसणारा कडक पट्टा. त्याचं माप घेताना कपडे उतरवायचे, अनोळखी हात अंगाला लागणार. पट्टा कमरेला आवळतो आणि कडांशी नितंब उठून दिसतात. जे मूल आतून मुलगा आहे, त्याला हा पट्टा रोज सकाळी काय ऐकवत असेल?

त्यात तपासणीतला तो प्रश्न, 'पाळी सुरू झाली का?' डॉक्टरांना तो विचारावाच लागतो, कारण वाढ किती उरली आहे याचा अंदाज त्यावरून येतो. पण हे कारण आधी सांगितलं, प्रश्न हळू आवाजात, एकांतात विचारला, तर तो झेलता येतो. पाठ किती वेळ उघडी ठेवायची, हात कुठे लागणार, खोलीत कोण थांबणार, हेही आधी सांगता येतं. यासाठी पैसे लागत नाहीत.

पट्ट्याचा उपयोग होतो, याबद्दल शंका नको. अमेरिका आणि कॅनडातल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टा दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त वापरणाऱ्यांत यशाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. म्हणजे सगळा खेळ तासांचा. पट्ट्याच्या आतल्या संवेदकावरून तास मोजता येतात. ते कमी का भरले, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. आपण 'आळस' म्हणून मोकळे होतो.

एक गोष्ट जरा सावकाश सांगते. काही मुलं छाती सपाट दिसावी म्हणून ती घट्ट बांधतात. वर पुन्हा हा पट्टा आला की श्वास अपुरा पडू शकतो, बरगड्या आणि पाठ दुखू शकते. रागावलात तर बांधणं थांबणार नाही, सांगणं थांबेल. हाडांच्या डॉक्टरांना हे कळायला हवं. वयात येणं लांबवणारी औषधं चालू असतील किंवा त्यांचा विचार असेल तर तेही, कारण त्यांचा हाडांच्या घनतेशी संबंध आहे. अशा वेळी दोन्हीकडच्या डॉक्टरांनी आपसात बोलायलाच हवं. निरोप पोचवण्याचं काम मुलावर टाकू नका.

मूल गप्प झालं, झोप उडाली, आवडीचं सगळं सुटलं, तर थेट विचारा, 'जगणं नकोसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवा.

ते चौदा वर्षांचं मूल पाचव्या भेटीत आलं, खुर्चीत बसलं, पट्ट्याचे बंद सैल केले. मी विचारलं, 'आज कसं वाटतंय?' बराच वेळ गेला. मग ते म्हणालं, 'मी दमलोय.'

मी म्हटलं, 'दमला असशील रे. बस निवांत.'

नमस्कार.