नवोदयचा फॉर्म भरण्याआधी हे तपासा, सहावीची संधी एकदाच मिळते

नमस्कार! घरात पाचवीत शिकणारं मूल आहे आणि यंदा नवोदयला बसवायचं असं तुमच्या घरी चाललंय, तर पेपरच्या आधी फॉर्मचं बोलूया.

जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीसाठीची निवड परीक्षा मुलाला एकदाच देता येते. पाचवीत असताना, त्याच वर्षी. या वेळी अनुभव घेऊ दे, पुढच्या वर्षी बघू, असं इथे चालत नाही. पाचवी पुन्हा करायला लावून बसवलेलं मूलही पात्र ठरत नाही. आणि निकालात नाव आलं म्हणजे प्रवेश झाला असंही नाही. आधी कागद तपासले जातात, मग प्रवेश मिळतो. वर्षभर घासून अभ्यास केलेल्या मुलाची जागा फॉर्ममधल्या एका चुकीच्या खुणेमुळे जाऊ शकते. त्या पोराचा यात काय दोष? त्यामुळे हा व्हिडिओ मुलांपेक्षा आई-वडिलांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी जास्त आहे.

ज्यांना नवोदय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून ही योजना आली. खेड्यातल्या हुशार मुलाला घरची परिस्थिती न बघता चांगलं शिक्षण मिळावं, हा हेतू. पहिल्या दोन प्रायोगिक शाळांपैकी एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत सुरू झाली. आज तमिळनाडू सोडून सगळ्या राज्यांत या शाळा आहेत. सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, मुलं-मुली एकत्र आणि पूर्ण निवासी. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून काही मुलांना महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांना तोही माफ. पालक सरकारी नोकरीत असतील तर रक्कम वाढते.

सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. अख्ख्या जिल्ह्यातून ८०.

आता फॉर्म. अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या वेबसाईटवर ऑनलाईन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय त्याच जिल्ह्यातल्या नवोदयसाठी अर्ज करायचा, आणि तुम्ही रहिवासीही त्याच जिल्ह्याचे असायला हवेत. आधारवर दुसऱ्या जिल्ह्याचा पत्ता असेल तर रहिवासाचा शासकीय दाखला आधी काढून ठेवा. जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक आणि आधारवर दुसरी, असा घोळ बऱ्याच घरांत असतो. तोही आत्ताच निस्तरा. वयाची अट दरवर्षीच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती सगळ्या प्रवर्गांना सारखीच लागू होते, आरक्षण असलं तरी वयात सूट नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ग्रामीण की शहरी या रकान्यात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण ग्रामीण कोण? तुमचं घर कुठे आहे, शेती आहे की नाही, यावर ते ठरत नाही. मुलाची शाळा कुठे आहे यावर ठरतं. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असेल, तर ते शहरी धरलं जातं. एक दिवस!

आणि शहरी भाग म्हणजे फक्त पुणे, नागपूर नव्हे. २०११ च्या जनगणनेत किंवा नंतरच्या सरकारी अधिसूचनेत जो भाग शहरी ठरला, तो शहरी. आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत कितीतरी तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गाव दिसायला तेच, एसटी स्टँड तेच, पण कागदावर ते आता शहरी. तुमच्या मुलाची शाळा अशा हद्दीत येते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. त्यांनाही खात्री नसेल तर तहसील कार्यालयात विचारा. अंदाजाने 'ग्रामीण' वर खूण करू नका.

दुसरा रकाना प्रवर्गाचा. नवोदय ही केंद्राची शाळा आहे, त्यामुळे फॉर्ममध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि सर्वसाधारण एवढेच प्रवर्ग दिसतील. आपल्याकडचे विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग तिथे वेगळे नसतात. मग धनगर, वंजारी, बंजारा समाजातल्या पालकांनी काय भरायचं? केंद्राची ओबीसी यादी उघडायची, त्यात आपली जात महाराष्ट्राच्या नावापुढे शोधायची. असेल तर ओबीसी. नसेल तर माहितीपत्रक स्पष्ट सांगतं की सर्वसाधारणमधून अर्ज करा. आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला घरात आहे म्हणून निवांत बसाल, तर ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्र आणि प्रांत कार्यालयाच्या चकरा सुरू होतील.

अर्जासोबत मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र अपलोड करायचं असतं, त्यावर मुलाची आणि पालकांचीही सही लागते. मुदत संपल्यावर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते. त्यात ग्रामीण-शहरी, प्रवर्ग, परीक्षेचं माध्यम अशा मोजक्याच गोष्टी बदलता येतात. माध्यम म्हणजे पेपर कोणत्या भाषेत हवा ते. मूल मराठी शाळेत शिकत असेल तर मराठीच भरा. इंग्रजी भरलं म्हणून कुणी जास्त गुण देत नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. काही ठिकाणी मुलाचं नाव खेड्यातल्या शाळेच्या पटावर ठेवतात आणि मूल राहतं शहरातल्या निवासी क्लासमध्ये. कृपा करून हे करू नका. ती जागा खरोखर त्या खेड्यात रोज शाळेत जाणाऱ्या मुलाची असते, जिचे वडील ऊसतोडीला गेलेत आणि जी आजीजवळ राहून शिकतेय अशा मुलीची असते. आणि दहा वर्षांच्या लेकरालाही कळतं की आपल्या नावावर काहीतरी खोटं चाललंय.

आता पेपर. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. बुद्धिमत्तेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पण तिन्ही विभागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं. बुद्धिमत्तेत पैकीच्या पैकी आणि भाषेत ढेपाळलं, असं चालत नाही.

बुद्धिमत्तेचे सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात. शिष्यवृत्तीच्या तयारीत मुलं अक्षरमाला, नातेसंबंध, सांकेतिक भाषा करतात, त्याचा इथे थेट उपयोग नाही. इथे वेगळी आकृती ओळखा, आकृतीची मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद, लपलेली आकृती, असे प्रकार येतात. मुलं नेमकी कुठे अडकतात माहितीये? फिरवलेली आकृती आणि उलटलेली आकृती यांतला फरक त्यांच्या लक्षात येत नाही. चार आकृत्यांपैकी तीन नुसत्या फिरवलेल्या असतात आणि एक उलटलेली असते. तीच वेगळी.

हे पुस्तकातून शिकवू नका. जाड पुठ्ठ्यातून 'क' अक्षर कापा आणि जमिनीवर ठेवा. न उचलता गोल फिरवायला सांगा. कितीही फिरवलं तरी तो तसाच 'क' राहतो. मग उचलून पालथा घाला. आता कितीही फिरवा, सरळ 'क' होणार नाही. दोन-तीन आकार घेऊन मुलाने हे स्वतःच्या हाताने केलं की पन्नास प्रश्न सोडवून जे येत नाही ते येतं. घडीच्या प्रश्नांसाठी रद्दी आणि कात्री द्या. एक घडी घालून एक भोक पाडलं तर उघडल्यावर दोन दिसतात, दोन घड्या घातल्या तर चार. कुठे दिसतात, ते त्याने आधी बोटाने दाखवायचं आणि मगच कागद उघडायचा. याला क्लासची फी लागत नाही.

अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, पदावली, परिमिती-क्षेत्रफळ. दोन तासांना ८० प्रश्न म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. आकृत्या सरावाने भरभर होतात, उरलेला वेळ इथे वापरा. भाषेत उतारे आणि त्यांवरचे प्रश्न असतात. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि दोन प्रश्न विचारा, झालं. उत्तरपत्रिका ओएमआर असते, काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने गोल भरायचा आणि एकदा भरलेला गोल बदलता येत नाही. घरी सराव पेन्सिलने करून घेऊ नका, पहिल्यापासून पेनच द्या.

आता वसतिगृहाचं. निवड झाली की अकरा वर्षांचं मूल घर सोडणार आहे. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी तिथल्या हाऊसची नावं असतात, त्यांतल्या एका हाऊसमध्ये ते राहणार. पहाटे उठून पीटीला जाणार, स्वतःचे कपडे, स्वतःची पेटी स्वतः सांभाळणार. नववीत गेल्यावर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बऱ्याच पालकांना नंतर कळते. नववीतली ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवली जातात. महाराष्ट्रातली मुलं हिंदी भाषक राज्यात जातात आणि तिकडची इकडे येतात. ही योजनेतलीच गोष्ट आहे आणि माझ्या मते नवोदयचं सगळ्यात सुंदर वैशिष्ट्य आहे. पण तुमची मानसिक तयारी आजपासून हवी.

म्हणून फॉर्म भरण्याआधी आपल्या जिल्ह्याचं विद्यालय मुलाला दाखवून आणा. पुणे जिल्ह्याचं शिक्रापूरला आहे, नाशिकचं खेडगावला, कोल्हापूरचं कागलला. आधी परवानगी विचारा आणि जा. मग मुलाला विचारा, तुला इथे राहायचंय का? उत्तर लगेच आलं नाही तर थांबा, आठवड्याने पुन्हा विचारा. ते 'नाही' म्हणालं तर ऐका.

आणि यंदा नाव आलं नाही तर? सहावीचं दार बंद होतं, पण रिकाम्या जागांवर नववी आणि अकरावीलाही प्रवेश मिळतो. त्यासाठी आठवीत आणि दहावीत असताना वेगळी परीक्षा असते. नववीच्या पेपरात गणित आणि विज्ञान ३५-३५ गुणांचं, इंग्रजी आणि हिंदी १५-१५ गुणांचं. जागा किती ते त्या वर्षी किती रिकाम्या आहेत यावर ठरतं, कधी अगदी थोड्या असतात. पण त्या परीक्षेला बसणारं मूल तेरा-चौदा वर्षांचं असतं आणि कुठे राहायचं हे ते स्वतः सांगू शकतं. पुढचा व्हिडिओ त्याच परीक्षेवर करते. आठवीतल्या मुलांचे काही प्रश्न असतील तर खाली लिहून ठेवा, त्यांची उत्तरं तिथेच देते.