अंगठा चालूच होता

(एका ग्रंथालयातल्या रविवारच्या श्रवणसत्रात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला लागण्याआधी गिटारवर एक गोष्ट वाजवून दाखवतो. गाणं नाही, नुसता अंगठा. ही खर्जाची जाड तार, मग तिच्याहून बारीक, परत जाड, परत बारीक. डग्गा इमानानं चालावा तसा हा अंगठा चालतो. आता तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर गाण्याची चाल धरतात. ही चाल ठोक्यावर पडत नाही. कधी ठोक्याच्या जरा आधी येते, कधी जरा मागे राहते. अंगठ्याला त्याचं काही नाही, तो आपला चालतोच. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. मला एवढं साधायला दोन वर्षं लागली.

हे मी ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकलो ते मिसिसिपी जॉन हर्ट, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या 'ब्लूज' या गाण्यांचे गायक आणि गिटारवादक. आणि आज लावणार आहे ती रेकॉर्ड म्हणजे 'टुडे!'. व्हॅनगार्ड कंपनीनं ती १९६६ साली काढली, तेव्हा हर्ट सत्तरी ओलांडलेले होते. रेकॉर्डवर एक लाकडी गिटार आणि एक आवाज, बस. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ते वारले.

ही त्यांची सुरुवातीची रेकॉर्ड नव्हे. मिसिसिपी राज्यातलं अ‍ॅव्हलॉन हे त्यांचं गाव. डेल्टा म्हणतात ती मिसिसिपी नदीकाठची सपाट कापूसजमीन संपते आणि टेकड्या सुरू होतात, तिथलं. हर्ट शेतावर राबायचे, काही महिने रेल्वेच्या रुळांवरही काम केलं. शाळकरी वयात आईनं दीड डॉलरची जुनी गिटार घेऊन दिली होती, ती स्वतःच वाजवत शिकले. शेजारच्या एका गोऱ्या व्हायोलिनवादकानं 'ओके' नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला त्यांचं नाव सांगितलं, आणि १९२८ साली हर्टना आधी मेम्फिसला आणि मग डिसेंबरात न्यूयॉर्कला बोलावणं आलं. एका गाण्याचे वीस डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च. त्या दोन खेपांतली तेरा गाणी आज ऐकायला मिळतात. रेकॉर्डचा खप फारसा झाला नाही, पाठोपाठ महामंदी आली, आणि कंपनीकडून पुन्हा निरोप आला नाही. हर्ट गावी परतले आणि शेतात कामाला लागले. पस्तीस वर्षं.

न्यूयॉर्कच्या त्या परक्या थंडीत त्यांनी एक गाणं म्हटलं होतं. त्यात ते सांगतात, अ‍ॅव्हलॉन माझं गाव, ते सारखं मनात असतं. घरच्या ओढीनं म्हटलेली ती ओळ पुढे पत्त्यासारखी उपयोगी पडली. १९५२ साली फोकवेज कंपनीनं काढलेल्या जुन्या लोकगीतांच्या मोठ्या संग्रहात हर्ट यांची दोन गाणी होती. ती ऐकून तरुण गिटारवादक वेडे झाले होते, पण हा माणूस जिवंत असेल असं बहुतेकांना वाटत नव्हतं. मग अ‍ॅव्हलॉनचं गाणं काही संग्राहकांच्या हाती लागलं, एका जुन्या अ‍ॅटलासमध्ये गाव सापडलं, आणि मार्च १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण गाडी घेऊन तिथं पोचला. दुकानात चौकशी केली. उत्तर मिळालं, टेकडी चढून जा, तिसरी टपालपेटी.

दारात उभा असलेला हा गोरा अनोळखी माणूस सरकारी किंवा पोलिसांपैकी असणार, असं हर्टना वाटलं. आपण काही वाईट केलेलं नाही, मग हा आला कशाला? ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, मला तशी सांगावीशी वाटत नाही. ते १९६३ चं मिसिसिपी आहे. त्याच वर्षी जूनमध्ये जॅक्सन शहरात काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घालून मारलं. काळ्या शेतमजुराच्या दाराशी अनोळखी गोरा माणूस येणं म्हणजे काय, हे हर्टना पक्कं ठाऊक होतं.

यानंतर जे झालं त्याला सगळीकडे 'पुनर्शोध' म्हणतात. मला हा शब्द खटकतो. हर्ट हरवले नव्हते. ते त्यांच्या घरी होते. हरवल्या होत्या त्या आपल्याकडच्या रेकॉर्ड. हा शब्द वापरला की मधली पस्तीस वर्षं कोरी होऊन जातात, आणि 'टुडे!' नीट ऐकू येण्यासाठी नेमकी तीच वर्षं लागतात. डेल्टाचे ब्लूज गायक चार्ली पॅटन किंवा सन हाउस ऐका. तो आवाज नाचणाऱ्या गर्दीच्या डोक्यावरून जायला केलेला आहे. हर्ट यांचा आवाज ओसरीवर बसलेल्या चार माणसांपुरता आहे. वर्षानुवर्षं ते ओळखीच्यांसाठीच वाजवत आले. जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारोंच्या समोर बसले तेव्हाही आवाज चढवला नाही, आणि १९६६ च्या रेकॉर्डवरही नाही.

त्या रेकॉर्डवरच्या एका गाण्यापाशी मात्र मला थांबायचंय: 'स्पाइक ड्रायव्हर्स ब्लूज'. जॉन हेन्रीची दंतकथा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. बोगदा खणणारा काळा मजूर, वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातात हातोडा असतानाच मरतो. या कथेवर अमेरिकेत पुष्कळ गाणी आहेत आणि बहुतेक गायक ती पराक्रमाची म्हणून गातात. लय वाढत जाते, घण पडत राहतात.

हर्ट यांचं गाणं जॉन हेन्रीचं नाहीच. त्याच्यानंतर तोच हातोडा ज्याच्या हाती आला त्या मजुराचं आहे. तो म्हणतो, हा हातोडा घे, मुकादमाला नेऊन दे, सांग की मी गेलो. याच हातोड्यानं जॉन हेन्रीला मारलं, मला नाही मारणार. एवढंच, आणि तो घराकडे चालू लागतो. घर फार लांब आहे.

मी हे गाणं अनेक वर्षं हातोड्याचं गाणं म्हणून ऐकत होतो. अंगठ्याचा ठोका म्हणजे घणाचा घाव, असं धरून चाललो होतो. वाजवायला बसलो तेव्हा चूक कळली. घाव घालणारा माणूस घाव घातल्यावर क्षणभर थांबतो, पुन्हा उचलतो. हा ठोका कुठंच थांबत नाही, कुठंच जोर लावत नाही. ही पावलं आहेत. हातोडा गाणं सुरू होण्याआधीच खाली ठेवलेला आहे. स्वतः रुळांवर राबलेल्या माणसानं, इतक्या हळू आवाजात, मालकाचं काम नाकारणारं गाणं म्हटलंय. त्यात संताप दाखवलेला नाही, म्हणून तो नाही असं कृपा करून समजू नका.

'लुई कॉलिन्स' हे खुनाचं गाणं आहे. त्यातही तोच हात. आई रडते, गोळ्या झाडल्या जातात, देवदूत त्याला निजवतात, आणि चाल एखाद्या अंगाईसारखी गोड. बाकीची भराभर सांगतो. 'टॉकिंग केसी'मध्ये आगगाडीच्या अपघाताची गोष्ट बोलता बोलता हर्ट वाक्य अर्धं सोडतात आणि उरलेलं तारेवरची घसीट पुरं करते. 'कॉफी ब्लूज'मधल्या चमचाभर कॉफीवरून 'द लव्हिन' स्पूनफुल' या बँडनं आपलं नाव घेतलं. आणि शेवटी 'ब्यूला लँड' हे भक्तिगीत, कारण या माणसाच्या गाठीला ब्लूजच्याही आधीची गाणी होती, नाचाची, गोष्टीची आणि देवाचीही.

(समोरून प्रश्न: पस्तीस वर्षांत बोटं आखडली कशी नाहीत?)

चांगलं विचारलंत. हॉस्किन्स पोचला तेव्हा हर्ट यांच्या घरात त्यांची स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सनं आपली त्यांच्या हातात दिली, हेच ते गायक ना, याची खात्री करायला. त्या भेटीचं ध्वनिमुद्रण २०११ साली प्रकाशित झालंय, जरूर ऐका. घरात गिटार नसली तरी गाव होतं, नाच असायचे, कुणाची तरी गिटार मिळायची. म्हणून त्या मुद्रणात मी बाकी सगळं सोडून आधी अंगठाच ऐकतो. दारात आलेला माणूस कोण, कशासाठी आलाय, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. गिटार परक्याची आहे. आणि अंगठा चालतोय: जाड तार, बारीक तार, जाड, बारीक.