कॅलेंडरवरच्या फेऱ्या

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा जड आहे, पण रेडिओ बंद करू नका. घरातच मार खाल्लेली, वर्षानुवर्षं शिव्या-टोमणे सोसलेली बाई तिथनं बाहेर पडली की पुढं काय? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 2005 चा, त्यात नुसता मार नाही तर बोलून छळणं, पैसे अडवून ठेवणं हेही येतं. मदतीचा नंबर 181, परत सांगते, एक-आठ-एक. पण आज मी बोलणारे ते चालण्याबद्दल. चालणं आणि चार शब्द लिहिणं, बास.

आमच्या शेजारच्या काकूंची लेक अकरा वर्षांनी माहेरी परत आली. तिला विचारूनच सांगतेय हं, नाव नाही घेत. दोन महिने ती घराबाहेरच पडेना. काकूंना शुगर, डॉक्टर कधीपासून म्हणत होते चाला म्हणून, तर काकू एक दिवस लेकीला म्हणाल्या, "मला बाई एकटीला कुत्र्यांची भीती वाटते, चल सोबत." आता ह्याच काकू रोज गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना पोळी घालतात! पण लेक निघाली, आईसाठी म्हणून निघाली.

पहिल्याच आठवड्यात मैदानाशेजारच्या रस्त्यानं बुलेट गेली आणि ही जागच्या जागी थिजली. नवऱ्याची बुलेट होती ना, गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की हिला कळायचं आज काय मूड आहे ते. दुसरी गंमत, गंमत कसली म्हणा, दुसऱ्या फेरीत धाप लागली तर ही मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आई, तसंच होतंय." म्हणजे बघा, छाती धडधडते ती फक्त भीतीनंच, एवढंच त्या शरीराला माहीत होतं. काकू शेजारी बसल्या, काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळानं धडधड आपोआप थांबली. हे रोज व्हायला लागलं, धडधडतंय, बसलो, थांबलं. धडधडतंय, बसलो, थांबलं. शरीराला हळूहळू कळायला लागतं की हे चालण्याचं आहे, माराचं नाही. मला विचाराल तर व्यायामाचा मोठा फायदा हाच, वजन-बिजन नंतर बघू.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकू दूध मांडायच्या, त्याखाली फेऱ्याही मांडायला लागल्या. मग लेकीचं अक्षर दिसायला लागलं. "दूध 1 लिटर, फेऱ्या 2." "पाय दुखले." "आज रडले नाही." एक दिवस नुसतंच, "चीड आली." आणि श्रावणातल्या एका तारखेला, "बुलेट आली. थांबले नाही." महिना उलटला की पान रद्दीत टाकणाऱ्या काकूंनी ते पान देवघराच्या ड्रॉवरमधे ठेवलंय. मी पाहिलंय, मागे कसल्यातरी वड्यांची रेसिपी आहे.

जाता जाता, मैदानावर मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून फिरणारे जे काका आहेत ना त्यांनी प्लीज हेडफोन घ्या हो, आणि चालायला आठ हजारांचे शूज लागतात असं कोण सांगतं कोण जाणे, काकू साध्या चपलेत चालतात.

आणि हे चालता चालता मनातलं बाहेर काढणं काय नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या, हात फिरतोय आणि तोंडानं सासुरवास बाहेर पडतोय, ऐकायला कोण तर जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ ह्या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. अंगमेहनत आणि मनातलं बोलणं एकाच वेळी, आपण फक्त जातं माळ्यावर टाकलं.

एक मात्र नीट ऐका. अजून त्याच घरात राहत असाल तर असं लिहिलेली वही घरात ठेवू नका, हाती लागली तर जिवावर बेतायचं. मैत्रिणीकडे ठेवा, नाहीतर लिहूच नका, तिच्याशी बोला. आणि चालण्यानं मारणारा सुधारत नाही, हे परत सांगते, चालण्यानं मारणारा सुधारत नाही, त्यासाठी 181 च.

वेळ संपत आलीये. काकूंची शुगर खाली आलीये म्हणे, आणि ज्यांची त्यांना भीती वाटते ती चार कुत्री रोज त्यांच्या मागे मैदानभर फिरतात.