'कदाचित' म्हणतो आहे तोवर

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

एका मुलापासून सुरुवात करते. खरं तर तो एक मुलगा नाही. मला भेटलेल्या तीन-चार मुलांचं मिळून मी त्याचं चित्र केलंय, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, होस्टेलवर राहायचा. दिवाळीच्या सुट्टीहून परतला तो गप्प गप्पच. मेसला जाणं कमी झालं. रात्रभर जागा, दिवसा झोप. मग मार्चच्या उकाड्यात एकदा त्यानं खोलीतला पंखा बंद केला. रूममेटनं विचारलं तेव्हा म्हणाला, "पंख्याच्या आवाजात माझं नाव येतंय रे. कदाचित माझाच काहीतरी घोळ असेल." रूममेट हसला, पंखा परत लावला, विषय तिथंच राहिला.

पुढे परीक्षेत विषय राहिले, तेव्हा घरी म्हणाले अभ्यासाचं टेन्शन आहे. मग मामा म्हणाले, बाहेरचं काही आहे का बघून घेऊ. दोन अमावास्या त्यात गेल्या. माझ्यासमोर तो बसला तेव्हा त्या पंख्याच्या दिवसाला चौदा महिने झाले होते. आता तो आवाज नुसतं नाव घेत नव्हता, हुकूम सोडत होता. आणि मुलाच्या बोलण्यातला 'कदाचित' नाहीसा झाला होता.

त्याचा रूममेट नंतर मला भेटायला आला. म्हणाला, "मॅडम, मला तेव्हाच वाटलं होतं काहीतरी बिनसलंय. पण सांगायचं कुणाला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

सायकोसिस हे एका आजाराचं नाव नव्हे. ताप जसा अनेक आजारांत येतो, तशी ही अवस्था अनेक आजारांत येते. स्किझोफ्रेनियात येते, बायपोलरमध्ये येते, तीव्र नैराश्यात येते, नशेमुळे येते, कधी मेंदूच्या आजारातही येते. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे याची पक्की खात्री वाटते, बोलण्याची गाडी रूळ सोडते. बहुतेकांना ती गाठते ऐन उमेदीत, सोळा-सतरा ते पंचवीस-तीस या वयात. पण ती एका रात्रीत येत नाही. आधी काही महिने, कधी काही वर्षं, तिची चाहूल लागत असते.

क्लाउस कॉनराड नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात आलेल्या 107 सैनिकांचा बारकाईनं अभ्यास केला आणि 1958 साली तो पुस्तकरूपात मांडला. या चाहुलीच्या काळाला त्यानं नाटकवाल्यांचा शब्द दिला: 'त्रेमा', म्हणजे रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी नटाच्या पोटात उठणारा गोळा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तिसरी घंटा झालेली आहे, पडदा अजून उघडलेला नाही, आणि नाटक कुठलं हेच नटाला माहीत नाही. मुलं मला नेमकं हेच सांगतात. "काहीतरी होणार आहे असं वाटतंय, पण काय ते कळत नाही."

शितिज कपूर यांनी 2003 साली याची एक उपपत्ती मांडली, ती मला फार पटते. डोपामिन हे मेंदूतलं रसायन एरवी आपल्याला खुणावत असतं: इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे. ते अवेळी, अकारण पाझरू लागलं की कशालाही अर्थ चिकटतो. खालून गेलेल्या स्कूटरचा हॉर्न, शेजारच्या काकूंचं खोकणं, पंख्याची घरघर, सगळं आपल्यासाठीच आहे असं वाटू लागतं. माणूस मग या सगळ्याचा मेळ घालायला बसतो. तो मेळ एकदाचा बसला, की त्याला भ्रम म्हणतात. बसायच्या आधी असतो तो 'कदाचित'.

1994 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या 'कदाचित'च्या काळासाठीच एक दवाखाना काढला. नाव 'पेस'. कुणाला जोखीम जास्त, हे ठरवायचे त्यांचे निकष आज जगभर वापरतात. ज्याला सौम्य, पुसट अनुभव येतात पण ते खरे आहेत याची खात्री नाही, तो पहिला. ज्याला पूर्ण स्वरूपातले भास किंवा भ्रम झाले पण आठवड्याच्या आत आपोआप मावळले, तो दुसरा. आणि ज्याच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना सायकोसिस झालेला आहे आणि ज्याचं स्वतःचं कॉलेज, काम, मित्र हे सगळं अलीकडे घसरत चाललंय, तो तिसरा. शेवटच्या निकषात घसरण महत्त्वाची आहे. नुसतं घराण्यात आहे म्हणून कुणाला या यादीत घालायचं नाही.

आता एक आकडा सांगते, तो घरी गेल्यावरही लक्षात ठेवा. सुरुवातीला या दवाखान्यात आलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के तरुणांना वर्षभरात सायकोसिस झाला. पुढे जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तीन वर्षांत साधारण चौघांपैकी एकाला होतो असं दिसलं. म्हणजे चौघांतल्या तिघांना त्या काळात तो झाला नाही. त्यांना मदतीची गरज नव्हती असं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना नैराश्य असतं, चिंता असते, झोप उडालेली असते. पण म्हणूनच 'जोखीम आहे' हे वाक्य मी आईवडिलांसमोर फार जपून उच्चारते. आपल्याकडे असलं वाक्य मुलीच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. 2013 साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा या अवस्थेला निदान म्हणावं का यावर मोठा वाद झाला. शेवटी ती 'अधिक अभ्यास हवा' या भागात ठेवली गेली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

मग करायचं काय? गोळ्या सुरू करायच्या? इंग्लंडची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की केवळ जोखीम आहे म्हणून सायकोसिसवरची औषधं देऊ नयेत. विचार आणि वर्तनावर काम करणारं समुपदेशन द्यावं आणि सोबत नैराश्य, चिंता असेल तर त्यावर उपचार करावेत. व्हिएन्नात 2010 साली 81 तरुणांवर माशाच्या तेलाचा प्रयोग झाला आणि निकाल इतका चांगला आला की आम्ही सगळे हरखलो. पुढे अनेक देशांत मिळून मोठा प्रयोग झाला, 2017 साली त्याचा निकाल आला, आणि तो फायदा काही दिसला नाही. तेव्हा कुणी 'सायकोसिस टाळणारी' कॅप्सूल विकायला आला तर घेऊ नका. झोपेची घडी बसवणं, गांजा बंद करणं, कॉलेजशी बोलून ओझं हलकं करणं आणि त्या मुलाला दर आठवड्याला भेटत राहणं, एवढं मात्र करता येतं. गांजाबद्दल ठासून सांगते, कारण 'ते तर नैसर्गिक आहे' हे मी रोज ऐकते. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या सुमारे 45 हजार तरुणांची पंधरा वर्षांची नोंद पाहिली, तेव्हा पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. याला इतरही कारणं असतील, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी ज्याला पंख्यात नाव ऐकू येतंय त्यानं गांजा ओढू नये.

पण या साऱ्या खटाटोपात एक मोठं भोक आहे. दक्षिण लंडनमध्ये असा खास दवाखाना अनेक वर्षं चालू आहे. तिथं पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या रुग्णांपैकी किती जण आधी त्या दवाखान्यात येऊन गेले होते हे तपासलं. उत्तर आलं साधारण 4 टक्के. दवाखाना होता, तज्ज्ञ होते, निकष होते. बाकीचे 96 त्याच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्याही रूममेटला काहीतरी दिसलंच असेल.

म्हणून मला मेलबर्नइतकंच नॉर्वेतलं रोगालांद महत्त्वाचं वाटतं. स्टाव्हांगर शहराच्या आसपासचा हा मुलूख. 1997 पासून त्यांनी वर्तमानपत्रात, रेडिओवर, सिनेमागृहात जाहिराती दिल्या. घरोघरी पत्रकं टाकली, शिक्षकांना आणि फॅमिली डॉक्टरांना शिकवलं. आणि एक फोन नंबर दिला. तो कुणीही फिरवावा: आई, शिक्षक, मित्र, स्वतः तो मुलगा. चिठ्ठी नको, ओळख नको. पथक एका दिवसात भेटायचं, लागलं तर घरी जाऊन. सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ तिथं आधी मध्यगेनं (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) 26 आठवडे होता, तो 5 आठवड्यांवर आला. ओस्लोचा एक भाग आणि डेन्मार्कमधलं रोस्किल्ड इथं उपचार तसेच होते पण मोहीम नव्हती. तिथं 16 आठवडे लागत होते. दहा वर्षांनी पाहिलं तर रोगालांदच्या रुग्णांत पूर्ण सावरलेले 31 टक्के, इतरत्र 15.

आणि मोहिमेच्या जाहिराती थांबल्या तेव्हा तो काळ पुन्हा 15 आठवड्यांवर गेला. डॉक्टर तेच, दवाखाने तेच.

आपल्याकडे रोगालांदची नक्कल करून भागणार नाही. इथं प्रश्न विचारण्यापासूनच अडचण सुरू होते. "तुमच्यावर कुणी बाहेरून ताबा घेतंय असं वाटतं का?" हा परदेशी प्रश्नावलीतला प्रश्न मी नवरात्रात एखाद्या मावशींना विचारला तर त्या सहज हो म्हणतील, कारण देवी त्यांच्या अंगात येते. ते ठरल्या दिवशी येतं, चारचौघांत येतं, आणि दुसऱ्या दिवशी मावशी भाजी निवडत बसलेल्या असतात. तो आजार नाही. नवरा गेल्यावर महिनाभर त्याच्या चपलांचा आवाज ऐकणारी बाईही आजारी नाही. मी पाहते ते असं: हा अनुभव त्या माणसाला एकटं पाडतोय का, आणि त्याचं रोजचं जगणं ढासळतंय का.

आपली जमेची बाजूही आहे, ती म्हणजे घर. चेन्नईतल्या 'स्कार्फ' या संस्थेनं आणि कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या दवाखान्यानं पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या तरुणांवर सारख्याच पद्धतीनं उपचार करून दोन वर्षांनी तुलना केली. भास आणि भ्रम दोन्हीकडे जवळपास सारखेच कमी झाले. पण उत्साह हरपणं, माणसांतून उठून जाणं या बाबतीत चेन्नईचे रुग्ण जास्त सुधारले, आणि तिथली कुटुंबं उपचारांत जास्त गुंतलेली होती. जी मामी मुलाला अमावास्येला घेऊन जाते, तीच पुढे दोन वर्षं न चुकता ओपीडीत बसते. तिच्याशी भांडून मी काय मिळवणार? मी म्हणते, अंगारा लावायचा तर लावा, पण याच आठवड्यात मलाही दाखवा.

आणि सांगायचं कुणाला, तर आता आपल्याकडेही एक नंबर आहे. 'टेली मानस', 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. रुग्णानंच फोन करावा असं नाही. होस्टेलच्या नोटीस बोर्डावर, मेसच्या भिंतीवर, अभ्यासिकेच्या दारावर तो लावा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कुठे आहे तेही त्याखाली लिहा.

भाषणाआधी एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा असलं काही बोलला तर मी काय बोलू?" 'असं काही नसतं' म्हणू नका, तो परत कधी सांगणार नाही. 'हो, मलाही ऐकू येतं' असंही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, पंखा बंद ठेवा, आणि विचारा, "कधीपासून ऐकू येतंय रे? झोप लागते का?" तो जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. जीव द्यावासा वाटतो का, तो आवाज काही करायला सांगतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं ते त्याच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं, तर उद्याची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या. नाही आलं, तर म्हणा, "आपण दोघं मिळून कुणालातरी विचारून बघू या."

'कदाचित' निघून गेल्यावरही उपचार होतात. चौदा महिन्यांनी आलेला तो मुलगा आज डिप्लोमा करून नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. मागच्या वेळी रूममेट त्याला सोडायला आला होता. बाहेरच्या बाकावर बसून दोघं वडापाव खात होते.