व्हॅक्यूम धरला

हा दगड गोव्यातल्या डिचोलीचा. तांबडा, जड, हातात घेतला की तळवा लाल करणारा. प्रयोगशाळेतल्या मॅडम त्याला चुंबक लावतायत, बघा. चिकटत नाही. लोहखनिज आहे, तरी चिकटत नाही.

मॅडमच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. अंगणात असे दगड पडलेले असायचे, आणि बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन एक शाळकरी मुलगी एकेका दगडाला लावून बघायची. समुद्रावरच्या वाळूतले काळे कण त्याच चुंबकाला मिशांसारखे लटकायचे. घरचा दगड मात्र ढिम्म.

उत्तर मिळालं ते थेट एमएस्सीला. या दगडातलं खनिज हेमेटाइट. त्यातला लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतः एक छोटं चुंबक असतो, पण शेजारच्या थरातल्या अणूंची तोंडं उलट दिशेला. एकाने ओढायचं, दुसऱ्याने तेवढंच मागे खेचायचं. बेरीज जवळजवळ शून्य. अणू कसे मांडलेत त्यावर सगळं ठरतं. मग ही मांडणी आपणच केली तर? मॅडमची पंचवीस वर्षं या प्रश्नामागे गेली.

आणि त्यातली निम्मी तरी या पिंपासमोर.

स्टेनलेस स्टीलचा हा चेंबर. याच्या आत काचेच्या किंवा सिलिकॉनच्या तुकड्यावर धातूचा थर बसवायचा, नॅनोमीटरमध्ये मोजायचा. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. इतक्या पातळ कामाला आतली हवा काढून व्हॅक्यूम करावा लागतो, वातावरणाच्या दाबाच्या अब्जाव्या भागापर्यंत. तेवढ्या दाबालाही उरलेल्या वायूचे रेणू साधारण सेकंदाभरात पृष्ठभाग झाकून टाकू शकतात.

आता खिडकीबाहेर बघा. ताळगावच्या पठारावरचा जुलैचा पाऊस. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, तीच ओल चेंबरच्या भिंतींनाही धरते. बाष्पाचा एकेक थर स्टीलला चिकटून बसतो आणि पंप कितीही ओढो, सुटत नाही. मग चेंबरला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून अॅल्युमिनियमची फॉइल, आणि रात्रभर भाजायचं. इथली मुलं ‘बेकिंग’ म्हणतात. पावची भट्टी लावल्यासारखंच, पाव तेवढा निघत नाही.

सकाळी दाब मोजणारं गेज वर सरकलेलं. म्हणजे कुठेतरी लीक. मॅडमच्या हातात इंजेक्शनची सिरिंज आहे, तीत ॲसिटोन. एकेका जोडावर एकेक थेंब. पहिला जोड, काही नाही. दुसरा, काही नाही. चौथ्या जोडावर थेंब पडला आणि काटा उडाला. सापडलं! तांब्याची रिंग बदलायची, आठही बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकदम आवळलात तर रिंग वाकडी बसते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून. हा हात कुठल्या पुस्तकात शिकता येत नाही. तो असा शेजारी उभं राहूनच शिकावा लागतो.

हा पांढरा धूर द्रवरूप नायट्रोजनचा, उणे १९६ अंश. जुन्या डिफ्यूजन पंपाच्या तेलाची वाफ चेंबरमध्ये शिरू नये म्हणून. नवा पंप बिघडला, दुरुस्तीची फाइल एका कार्यालयात दीड वर्ष पडून राहिली. मॅडमनी अडगळीतला हा पंप उघडला, धुतला, जोडला. छोट्या राज्यातल्या छोट्या प्रयोगशाळांना हे रोजचंच, आणि ते बदलायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यार्थिनी ओरडते, “मॅडम, व्हॅक्यूम धरला!”

आता आरगॉन वायू सोडायचा. हा जांभळा उजेड त्याचाच. आरगॉनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कोबाल्टच्या चकतीवर आदळतात आणि स्ट्रायकरने सोंगटी उडावी तसे अणू उडवतात. चकती मुद्दाम पातळ घेतलेली. जाड असली तर चकतीमागे बसवलेल्या चुंबकाचं बळ तीच गिळून टाकते आणि उजेड पेटतच नाही. शटर उघडलं. दहा सेकंद. बंद. मग प्लॅटिनम. पुन्हा कोबाल्ट. दोन दिवसांची तयारी, दहा सेकंदांचा थर.

कोबाल्ट असा दोन-तीन अणूंइतका पातळ करून प्लॅटिनममध्ये ठेवला की एरवी थरात आडवं पडणारं चुंबकत्व सरळ उभं राहतं. पडद्यावरच्या चुंबकत्वाच्या आलेखातला हा चौकोनी लूप त्याचीच खूण.

१९८८ मध्ये आल्बेर फर्ट आणि पेटर ग्रुनबेर्ग यांना लोखंड-क्रोमियमच्या अशाच थरांत चुंबकक्षेत्राने वीजरोध कमालीचा घटताना दिसला. तिथेही शेजारचे लोखंडी थर उलट तोंडांचे, डिचोलीच्या दगडातल्यासारखे. १९९७ पर्यंत ते हार्ड डिस्कमध्ये पोहोचलं, २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मॅडमचे विद्यार्थी देशोदेशी आहेत. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, वडिलांचा ट्रक विकला गेला.

संध्याकाळ. नमुना चिमट्याने डबीत. झाकणावर पेन्सिलीने तारीख, थरांची संख्या. दिवे बंद, पंप चालू. तो रात्रभर चालू राहणार. वॉचमनला सांगून ठेवलंय, आवाज बदलला तर लगेच फोन कर.